नागपूर परिसरातील खाण कंपन्यांच्या जुन्या इमारतींची पाहणी कशी करावी

१८९६ मध्ये स्थापन झालेले सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट, पुढे त्याचीच झालेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी आणि १९६२ मध्ये तिची मालमत्ता घेऊन उभी राहिलेली मॉईल (मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड), असा मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या पट्ट्यातील मँगनीज खाणकामाचा क्रम आहे. १९७७ मध्ये कंपनी पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. एवढ्या काळात एकाच इमारतीची डागडुजी वेगवेगळ्या हातांनी आणि वेगवेगळ्या साहित्याने होत असते. त्यामुळे बंगला, कचेरी, भांडार किंवा बारूदघर पाहताना मूळ बांधकाम कोणते आणि नंतरचे कोणते, हे आधी वेगळे करावे लागते. ते न करता लिहिलेला स्थिती-अहवाल फार उपयोगाचा नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

चालू खाणीच्या आवारात व्यवस्थापकाच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. परवानगी मागतानाच खाणीचा सरफेस प्लॅन पाहण्याची विनंती करावी. हा नकाशा ठेवणे खाणींना नियमाने बंधनकारक आहे, आणि त्यावर इमारती, रस्ते, रूळ आणि खोदकामाच्या कडा दिसतात. बंद पडलेल्या जागी उघड्या विहिरी, खचलेल्या कडा आणि जुने स्फोटकांचे कोठार यांच्याजवळ एकट्याने जाऊ नये.

पाहणीची सुरुवात इमारतीपासून न करता जागेपासून करावी. साहेबाचा बंगला उंचवट्यावर आणि धुळीपासून दूर का आहे, कचेरी व तोलकाटा रुळांच्या जवळ का आहेत, बारूदघर वस्तीपासून लांब व मातीच्या बांधाआड का आहे, याची उत्तरे खाणीच्या कामातच सापडतात. वाऱ्याची दिशा, उतार आणि पावसाचे पाणी कोणत्या बाजूने वाहून जाते, हे जागेचा आराखडा काढून त्यावर लिहून ठेवावे, कारण पुढे भिंतीतली ओल याच नोंदीवरून उलगडते.

नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि बांधणाऱ्यांनी याला दिलेले उत्तर इमारतीच्या रचनेत वाचता येते. चारही बाजूंचा खोल व्हरांडा, उंच छत, छताजवळची झरोक्यांची रांग, जाड भिंती आणि उंच जोते यांची मापे स्वतंत्रपणे घ्यावीत. व्हरांड्याचे खांब विटांचे, दगडाचे की सागवानी, हे नोंदवावे. दगड असेल तर तो काळा कातळ आहे की कामठी-सिलेवाडा भागातला वालुकाश्म, हेही पाहावे. वालुकाश्माचे थर पापुद्र्यासारखे सुटतात, कातळाचे तसे होत नाही.

काळ ठरवताना साहित्यासारखा साक्षीदार नाही. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना १८६० च्या दशकात सुरू झाला, त्यामुळे त्यांवरचा कारखान्याचा शिक्का वाचून ठेवावा. गर्डरवर टाटाचे नाव दिसले, तर तो १९१२ च्या आधीचा असू शकत नाही, कारण जमशेदपूरला पोलाद त्या वर्षी निघू लागले. भारतात सिमेंटचे नियमित उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झाले; म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या साध्या भिंतीत राखाडी, टणक दर्जा (विटा-दगडांमधले भरलेले सांधे) दिसल्या, तर त्या बहुधा नंतर भरलेल्या आहेत असे धरून चालावे. जुना चुना पांढरट, सुरखीमुळे (विटांच्या भुकटीमुळे) थोडा तांबूस आणि खिळ्याने ओरखडता येण्याइतका मऊ असतो.

स्थिती पाहताना क्रम वरून खाली ठेवावा, कारण पाणी वरून खाली येते. सरकलेले कवेलू, कुजलेल्या रिपा, वाळवीने पोखरलेले वासे, कैचीच्या (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या) भिंतीत टेकलेल्या टोकांजवळचा काळपट ओलसरपणा आणि तुंबलेली पन्हाळ हे दुर्बिणीने आणि शिडीवरून पाहावे. लाकडात जाड सुई किंवा स्क्रू-ड्रायव्हर सहज शिरला, तर आतून पोकळ झाले आहे हे कळते. लोखंडी गर्डरांमध्ये विटांच्या चपट्या कमानी असलेले छत विशेष काळजीने तपासावे. गंजलेले लोखंड फुगते आणि विटांना तडे देते, पण वरून रंग मारलेला असला की हे लवकर दिसत नाही. जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे ॲस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता असते. ते तोडू, घासू किंवा भोक पाडू नयेत.

भिंतीवर लोणा (ओलीबरोबर बाहेर आलेल्या क्षारांचा पांढरट थर) लागला असेल, तर दोष बहुतेक वेळा भिंतीचा नसून तिच्यावर नंतर दिलेल्या सिमेंटच्या गिलाव्याचा असतो. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकू शकते. सिमेंट तिला अडवते, ओल वरच्या पातळीवर चढते आणि क्षार विटांचा पृष्ठभाग खाऊन टाकतात. चांगल्या हेतूने केलेल्या या एका दुरुस्तीने जुन्या इमारतींचे फार नुकसान केले आहे. गिलावा बोटांच्या सांध्यांनी ठोकून पाहावा, पोकळ आवाज येईल तेथे खडूने कडा आखावी आणि त्या भागाचे छायाचित्र घ्यावे.

तड्यांबाबत घाईने निष्कर्ष काढू नये. काळ्या मातीवर उभ्या इमारतीचे तडे उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटतात, म्हणून एकच तडा मे आणि ऑगस्ट अशा दोन्ही महिन्यांत मोजावा. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यांसारखा तिरका जाणारा तडा पाया खचल्याचा संशय देतो. खाणीजवळ त्याला आणखी दोन कारणे असू शकतात: सुरुंगाचे हादरे आणि खालच्या भूमिगत खोदकामामुळे जमीन बसणे. तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवून त्यावर तारीख लिहावी. काच फुटली तर हालचाल सुरू आहे. ती फुटली की खाणीच्या सर्वेक्षकाला लगेच कळवावे.

अहवालात चांगली, बरी, वाईट अशी शेरेबाजी करण्यापेक्षा प्रत्येक दोषासाठी जागा, विस्तार, संभाव्य कारण आणि तातडी या चार बाबी स्वतंत्र लिहाव्यात. छायाचित्रे चारही दिशांनी, नंतर प्रत्येक खोलीत दारापासून उजवीकडे फिरत, मापपट्टीसह घ्यावीत, आणि त्यांचे क्रमांक आराखड्यावर टाकावेत. तातडीच्या कामांमध्ये छत व पन्हाळ, त्यानंतर जोत्याभोवतीचा पाण्याचा निचरा, आणि मगच भिंती असा क्रम ठेवावा. रंगरंगोटी सर्वांत शेवटी, तीही चुन्याचीच, सुचवावी.