सेन्गोकू काळावरचा रणनीती-खेळ सुधारताना: तांदूळ, सरदार आणि हिवाळा

सरंजामशाही जपानवर बेतलेल्या बहुतेक रणनीती-खेळांचा पहिला तास रंगतो आणि शेवटचे तीन तास रटाळ होतात. सुरुवातीला हाती दोन प्रांत व मूठभर भालाईत असतात आणि चहूबाजूंना शत्रू, त्यामुळे प्रत्येक चाल जपून करावी लागते. पण एकदा का बारा-पंधरा प्रांत ताब्यात आले, की फौज पुढे सरकवायची, किल्ला घ्यायचा आणि नकाशावर आपला रंग भरायचा, एवढेच काम उरते. आपण अशा खेळाचा मॉड (म्हणजे मूळ खेळाची बदललेली आवृत्ती) तयार करत असाल, स्वतःचा पटावरचा खेळ रचत असाल किंवा निर्मात्यांना सूचना लिहून पाठवणार असाल, तर हा रटाळपणा कशातून येतो हे आधी ठरवायला हवे. माझ्या मते त्याचे मूळ एका गृहीतकात आहे: या खेळांत दाइम्यो, म्हणजे प्रांताचा धनी असलेला मोठा सरंजामदार, जे जिंकतो ते सर्वस्वी त्याचेच होते. १४६७ साली सुरू झालेल्या ओनिन युद्धापासून १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडेपर्यंतच्या दीडशे वर्षांत, म्हणजे आपसातल्या युद्धांच्या सेन्गोकू काळात, असे क्वचितच घडले. जिंकलेली जमीन सरदारांना वाटून द्यावी लागे, आणि ज्याला ती मिळाली तो उद्या कोणाच्या बाजूने उभा राहील हा प्रश्न कायम शिल्लक राही.

नवे नियम लिहायला बसण्यापूर्वी जुन्या खेळाचा एक पूर्ण डाव वही घेऊन खेळावा. कोण जिंकणार हे कितव्या पाळीत स्पष्ट झाले आणि डाव प्रत्यक्षात कितव्या पाळीत संपला, या दोनच नोंदी कराव्यात. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे आपला रोग, आणि पुढे सुचवलेला प्रत्येक बदल ते अंतर घटवतो की नाही याच कसोटीवर तपासावा. केवळ इतिहासाला धरून आहे म्हणून एखादा नियम ठेवू नये.

पहिला बदल उत्पन्नात करावा. सोन्याच्या नाण्यांऐवजी कोकू हे एकक घ्यावे. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, वजनात साधारण १५० किलो तांदूळ. एका प्रौढ माणसाला वर्षभर पुरेल इतके धान्य, असा त्याचा ढोबळ अर्थ होता. प्रांताची योग्यता कोकूंत मोजली जाई आणि किती माणसे घेऊन लढाईला यायचे तेही त्यावरूनच ठरे. १०,००० कोकूंमागे साधारण २५० माणसे हे प्रमाण खेळासाठी पुरेसे आहे. मुख्य मुद्दा असा की तांदूळ पेटीत साठवून ठेवलेल्या नाण्यांसारखा वागत नाही. तो शरद ऋतूत एकदाच येतो, फौज तो रोज खाते, आणि शेतकऱ्यांनाच भाले देऊन दूर नेले तर पुढच्या पिकावर त्याचा परिणाम होतो. म्हणून वर्षाच्या चार पाळ्या ठेवाव्यात, उत्पन्न फक्त एका पाळीत द्यावे आणि लावणीच्या किंवा कापणीच्या हंगामात भरती केल्यास पुढचे उत्पन्न कापावे. एवढ्यानेच खेळाडू आपोआप थांबून विचार करू लागतो.

दुसरा बदल सरदारांविषयीचा आहे आणि सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा. बहुतेक खेळांत ‘निष्ठा’ नावाचा एक आकडा असतो. तो खाली गेला की नाणी देऊन वर आणायचा, म्हणजे काम झाले. हा आकडा खुशाल काढून टाकावा. ताकेदा घराण्याचे काय झाले ते पाहिल्यास त्याचे कारण कळेल. १५७५ साली नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागा या बलाढ्य दाइम्योच्या बंदुकांपुढे ताकेदांचा मोठा पराभव झाला आणि अनेक खेळांत हे घराणे तिथेच संपते. प्रत्यक्षात घराण्याचा प्रमुख ताकेदा कात्सुयोरी त्यानंतर सात वर्षे टिकून होता. १५८२ साली तो संपला तो मुख्यतः आपल्याच माणसांमुळे: किसो योशिमासा फुटला, मग आनायामा बाइसेत्सु फुटला, आणि हे दोघेही घराण्याचे जावई होते. काही आठवड्यांतच सगळा डोलारा कोसळला. मराठी वाचकाला या प्रकाराची वेगळी ओळख करून द्यायला नको. ‘फितुरी’ हा शब्द आपल्याकडे बखरींइतकाच जुना आहे.

यासाठी नियम असा लिहिता येईल. प्रत्येक सरदाराच्या पत्त्यावर (म्हणजे त्याच्या नावाच्या कार्डावर) तीन नोंदी ठेवाव्यात: त्याच्याकडची जमीन कोकूंत, त्याचे कोण आपल्याकडे ओलीस आहे ते, आणि त्याची आपल्याविरुद्धची तक्रार. तक्रार हा आकडा नसावा, ती घटना असावी. ‘वेढ्यात मदत पाठवली नाही’, ‘कबूल केलेला किल्ला दुसऱ्याला दिला’ अशा शब्दांत ती लिहावी, कारण आकडा खेळाडू विसरतो, घटना त्याच्या लक्षात राहते. मग विरोधी खेळाडूला पत्र पाठवण्याची मुभा द्यावी. पत्रात जमिनीचे वचन असते; ते स्वीकारले की नाही हे सरदाराचा मूळ धनी जाणू शकत नाही, मात्र पत्र गेले एवढे त्याला कळते.

या नियमाचा नमुना १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईत आहे. तोकुगावा इएयासु लढाईपूर्वी जवळपास महिनाभर एदोत (आजच्या टोकियोत) बसून राहिला आणि त्या उन्हाळ्यात त्याने निरनिराळ्या दाइम्योंना शंभराहून अधिक पत्रे धाडली. २१ ऑक्टोबरला लढाई जुंपली तेव्हा मात्सुओ टेकडीवर कोबायाकावा हिदेआकी सुमारे १५,००० माणसांनिशी उभा होता. नावाला तो इएयासुविरुद्धच्या पश्चिमेकडच्या फौजेत होता, वय जेमतेम १८ वर्षे. दोन वर्षांपूर्वी त्याची जहागीर कमी करून त्याला दुसरीकडे हलवण्यात आले होते आणि ती परत मिळवून देण्यात इएयासुचा हात होता. हीच त्याच्या पत्त्यावरची नोंद. सकाळभर तो हलला नाही, आणि दुपारच्या सुमारास टेकडी उतरला तो आपल्याच बाजूच्या फौजेवर. तिकडे नांगू डोंगरावर त्याच पश्चिमेकडच्या बाजूची मोरी घराण्याची फौज होती; पुढच्या फळीतल्या किक्कावा हिरोइएने इएयासुशी आतून संधान बांधले होते आणि तो जागचा हलेना, त्यामुळे मागच्यांनाही उतरता आले नाही. लढाईनंतर मोरींची जमीन तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरली, म्हणजे पत्रातल्या वचनाचे काय होते तेही खेळात दाखवता येते.

इथून दोन गोष्टी उचलाव्यात. एक, ‘फुटला’ आणि ‘एकनिष्ठ राहिला’ यांच्या मधोमध ‘थांबून पाहतो’ अशी तिसरी स्थिती असावी आणि तीच सर्वांत वारंवार यावी. दुसरी गोष्ट माझ्या चुकीतून शिकलो आहे. मी रचलेल्या पहिल्या पटावर फितुरी फाशावर ठेवली होती. सहा पडले की सरदार गेला. तांदळाच्या जागी चिंचोके वापरले होते. एका मित्राने दोन तास राखून खेळलेला डाव एका फाशावर हरला, तेव्हा त्याने आपले चिंचोके शांतपणे वाटीत भरले आणि चहा मागितला. पुन्हा खेळूया असे कोणी म्हणाले नाही. फितुरी अचानक घडली तरी चालेल, पण मागे वळून पाहिल्यावर ‘हे दिसत होते’ असे हरलेल्याला वाटले पाहिजे. म्हणून फासा काढून टाकून तक्रार व वचन यांची तुलना ठेवली, तेव्हा लोक हरल्यावर वाद घालू लागले.

‘टोटल वॉर: शोगुन २’ या २०११च्या खेळाने मधल्या टप्प्यातल्या कंटाळ्यावर एक उपाय केला होता: खेळाडूची कीर्ती एका मर्यादेपलीकडे गेली की बाकीची घराणी त्याच्याविरुद्ध उलटतात. त्यामुळे डावात धोका परत येतो हे खरे, परंतु जुन्या मित्राने उलटावे यासाठी खेळाडूने त्याचे काही वाईट केलेले असावे लागत नाही. तोच धोका आतून, म्हणजे जमीन वाटून मोठ्या केलेल्या सरदारांकडून यावा असे मी सुचवीन. प्रांत जितके वाढतील तितके सरदार वाढतील, आणि सगळ्यांना एकाच वेळी खूश ठेवणे अशक्य होत जाईल.

हिवाळ्याबाबत फार लिहिण्याची गरज नाही. खिंडी बंद करा, एवढेच. १५८२च्या शेवटी नोबुनागाचा एक सेनापती शिबाता कात्सुइए एचिझेन प्रांतात बर्फामुळे अडकला असताना दुसरा सेनापती हिदेयोशी याने नागाहामा किल्ल्यावर चाल केली, आणि तिथला किल्लेदार, म्हणजे कात्सुइएचाच दत्तक पुत्र, शरण आला. उत्तरेकडच्या घराण्यांना वर्षातील एक पाळी गमवावी लागली तर त्यांना फौज जास्त देऊनही समतोल साधता येतो.

वेढ्यांवर मात्र थोडे थांबावे. खेळांत किल्ला बहुधा शिड्या लावून घेतला जातो, कारण ते पडद्यावर चांगले दिसते. हिदेयोशीची पद्धत वेगळी होती. १५८१ साली तोत्तोरीला वेढा घालण्यापूर्वी त्याने व्यापाऱ्यांकरवी त्या भागातला तांदूळ चढ्या भावाने विकत घेतला. किल्ल्यातल्या लोकांनीही मोहाने आपल्या कोठारातला तांदूळ विकला असे सांगतात. मग आसपासच्या शेतकऱ्यांना किल्ल्यात पळून जायला भाग पाडले, म्हणजे खाणारी तोंडे वाढली. उपासमारीने किल्ला पडला आणि किल्लेदार किक्कावा त्सुनेइएने सेप्पुकू केले, म्हणजे पोट चिरून प्राण दिला. पुढच्या वर्षी ताकामात्सुला त्याने बांध घालून नदीचे पाणी किल्ल्याभोवती कोंडले. आपल्या खेळात ‘कोठार’ हा वेगळा आकडा ठेवून, वेढ्याच्या आदल्या पाळीत शत्रूच्या प्रांतातला तांदूळ विकत घेण्याची चाल दिली, तर पटावर काय होते ते पाहण्यासारखे असते. आमच्याकडे एका खेळाडूने शेजाऱ्याला तिप्पट भाव देऊ केला, शेजाऱ्याने आनंदाने वाटी रिकामी केली, आणि पुढच्या पाळीत त्याला उमगले.

बंदुकांबाबत एक सावधगिरी बाळगावी. १५४३ साली पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर आले आणि जपानी कारागीर लवकरच स्वतः बंदुका घडवू लागले, त्यामुळे ‘बंदूक हे परदेशी व दुर्मीळ शस्त्र’ असा नियम फार काळ चालवू नये. दुर्मीळ होते ते दारूसाठी लागणारे सोरामीठ. ते मोठ्या प्रमाणावर बाहेरून येई. म्हणून बंदूकधारी तुकडीची किंमत एकदा घेण्यापेक्षा प्रत्येक लढाईत दारू खर्ची पाडावी आणि बंदरांना महत्त्व द्यावे. या व्यापाराचे एक टोक आपल्या ओळखीचे आहे: पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या कारभाराची राजधानी गोवा होती, आणि १५४९ साली कागोशिमाला उतरलेला फ्रान्सिस झेवियर त्याच वर्षी गोव्याहून निघाला होता. बंदर उघडे ठेवायचे तर मिशनऱ्यांनाही येऊ द्यावे लागते, आणि त्यातून एखाद्या बौद्ध सरदाराच्या पत्त्यावर नवी तक्रार चढते. नागाशिनोला बंदूकधाऱ्यांनी पाळीपाळीने तीन रांगांत गोळीबार केला ही गोष्ट मात्र नियमात घालू नये. अभ्यासकांना ती संशयास्पद वाटते आणि खेळातही ती बंदुकांना अवाजवी बळ देते.

शेवटची अट बदलायला विसरू नये. सर्व प्रांत जिंकणे ही अट काढून, निम्म्याहून अधिक सरदारांनी सलग चार पाळ्या आपला हुकूम विनातक्रार पाळला तर डाव जिंकला, अशी अट ठेवून पाहावी. चार डाव खेळावेत, दर वेळी वेगळ्या माणसांबरोबर, आणि नियम समजावून सांगताना कोणत्या वाक्यावर ते दुसऱ्यांदा विचारतात ते टिपून ठेवावे. ते वाक्य तोडून दोन करावे. आमच्या चौथ्या डावात वहीतले अंतर एकोणीस पाळ्यांवरून सहावर आले. आता ओलीस परत करण्याचा नियम तेवढा अजून अडतो आहे, कारण सगळे खेळाडू ओलीस धरून ठेवतात आणि सोडत कोणीच नाही. पुढच्या वेळी ओलीस सोडल्यास एक तक्रार पुसता येईल असे करून पाहणार आहे.