चेपलेली फेल्ट हॅट घरच्या घरी आकारात कशी आणावी

वर्षानुवर्षं कोटांखाली दबलेली हॅट बाहेर काढली की तिची अवस्था बघवत नाही. माथा आत बसलेला, कड एकीकडे लोंबतेय, दुसरीकडे उगाच वर वळलीय. तरी टाकू नका. फेल्ट हे विणलेलं कापड नव्हे. लोकरीचे, किंवा ससा-बीव्हरच्या केसांचे तंतू उष्णता, ओल आणि दाब देऊन एकमेकांत गुंतवलेले असतात. ज्या तीन गोष्टींनी हॅट घडली, त्याच तीन गोष्टींनी तिला पुन्हा वळण लावता येतं.

सुरुवातीला एक इशारा. केसांचं फेल्ट बनवताना पूर्वी पाऱ्याचा विषारी क्षार वापरत. अमेरिकेत तो वापर १९४१ साली थांबला. त्यामुळे हॅट त्याहून जुनी असेल, किंवा कुठली-कधीची ते नक्की ठाऊक नसेल, तर तिला घरात वाफ देऊ नका. शोभेला ठेवा किंवा जाणकाराकडे न्या. पुढचं सगळं त्यानंतरच्या हॅटांसाठी.

लागेल ते एवढंच: शिट्टी नसलेली किटली, मऊ केसांचा ब्रश, सुती कापड, इस्त्री आणि दोन जुने टॉवेल.

आधी कोरडी साफसफाई. हे टाळून वाफ दिली तर साचलेल्या धुळीचा चिखल होऊन तंतूंत बसतो आणि मग निघत नाही. मखमलीवर फिरवतो तसं बोट फिरवून बघा. ज्या दिशेने लव सपाट बसते, त्याच दिशेने ब्रश चालवा.

मग हॅटच्या आतली चामड्याची पट्टी बाहेर उलटवा. वाफेने चामडं आक्रसतं आणि सगळी हॅटच लहान होते. पट्टी जुनी, तडे गेलेली असेल तर ओढाताण करू नका. तिला वाफेपासून जमेल तेवढी लांब ठेवा. बाहेरची रिबीन चिकटवलेली असेल तर वाफेने डिंक सुटू शकतो, तिकडेही लक्ष असू द्या.

आता खरं काम. किटलीतून जोरात वाफ यायला लागली की हॅट तोटीपासून १५-२० सेंटीमीटरवर धरा आणि फिरवत राहा. एका जागी २०-३० सेकंद पुरे. फेल्ट दमट आणि ऊबदार लागलं पाहिजे. त्यातून पाणी टपकू लागलं तर तुम्ही फार पुढे गेलात. बोटं वाफेच्या झोतात येऊ देऊ नका, भाजतं.

बहुतेकांची घाई इथेच नडते. जुनी चुणी तशीच ठेवून त्यावर नवी पाडायला जातात आणि माथ्यावर दोन अर्धवट खळगे होतात. म्हणून आधी आतून मूठ घालून माथा पूर्ण गोल, घुमटासारखा करा. हट्टी घडीची रेघ राहिलीच तर तिथे पुन्हा वाफ द्या आणि लाकडी चमच्याच्या पाठीने आतून हळूहळू चोळा. माथा गोल झाला की पुन्हा वाफ देऊन तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने मधली खाच दाबा. पुढचे दोन चिमटे, म्हणजे माथ्याच्या समोरच्या टोकाला दोन्हीकडून दाबलेले खळगे, अंगठ्याच्या गादीने घ्या. नखं लागली की फेल्टवर चंद्रकोरी उठतात. माझ्या एका हॅटवर त्या अजून आहेत. आकार मनासारखा झाला की फेल्ट गार होईपर्यंत हात काढू नका. वाफेने फेल्ट फक्त नरम होतं, आकार धरतं ते गार होताना आणि वाळताना.

कडेसाठी हॅट उलटी करा, कडेचा एकेक भाग टेबलाच्या टोकावर सपाट पसरा आणि माथा टेबलाबाहेर खाली लोंबू द्या. वर ओलसर सुती कापड टाकून लोकरीच्या कपड्यांइतकी तापलेली इस्त्री टेकवा, उचला, पुढे टेकवा. घासू नका, कड ताणून लाटेसारखी होते. पुढची बाजू खाली आणि मागची वर हवी असेल तर कड गरम असतानाच हाताने वळवा.

हॅट थोडी घट्ट होत असेल तर दमट असतानाच आत टॉवेल गच्च भरा. एखादा साइज वाढेल, जास्तीची आशा नको. सैल होत असेल तर वाळल्यावर चामड्याच्या पट्टीमागे फोमची बारीक पट्टी सरकवा.

वाळवायला हॅट माथ्यावर उलटी ठेवा किंवा टॉवेलच्या वेटोळ्यात बसवा, म्हणजे कड मोकळी राहील. सावलीत, हवेशीर जागी २४ तास. ऊन नको, हीटर नको, हेअर ड्रायरही नको. मी एकदा घाई करून दमट हॅट उन्हात ठेवली होती. संध्याकाळी ती डोक्याच्या टोकावर बसत होती.

वाळल्यावर एखादी बाजू वाकडीच दिसली तर तेवढ्याच भागाला पुन्हा वाफ द्या. दोन-तीन फेऱ्या लागतात, त्यात काही बिघडलेलं नसतं. आणि पुढे हॅट उचलताना समोरच्या चिमट्याला धरू नका. तिथलं फेल्ट आधी विरतं आणि मग फाटतं. तिथे वाफेचा काही उपयोग नाही.