चवथीला गावी जाताना घरचे मासे: या चुका टाळा

वास्को, पणजी किंवा मडगावच्या फ्लॅटमध्ये राहणारे कुटुंब चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घरी निघते, तेव्हा कपड्यांच्या बॅगा, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे) सामान आणि फराळाचे डबे गाडीत चढवून झाल्यावर अगदी शेवटी कोणाला तरी दिवाणखान्यातील माशांच्या टाकीची आठवण होते. मग घाईघाईने चिमूटभराऐवजी मूठभर खाद्य पाण्यात पडते, मेन स्विच खाली ओढला जातो आणि दाराला कुलूप लागते. दीड दिवसाचा गणपती असेल, तर एवढ्यावरही कधीकधी निभावते. पाच, सात किंवा नऊ दिवसांनी परतणाऱ्यांच्या नाकाला मात्र दार उघडताच वास येतो, आणि मग "मासे उपाशी मेले" असा निष्कर्ष काढला जातो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. घरच्या टाकीतील मासे भुकेने क्वचितच मरतात. पाणी नासल्याने किंवा पाण्यातील प्राणवायू संपल्याने ते मरतात, आणि या दोन्ही गोष्टी बहुधा आपणच निघण्यापूर्वीच्या तासाभरात करून ठेवलेल्या असतात.

भुकेची अनाठायी भीती

मासा थंड रक्ताचा प्राणी असल्यामुळे शरीर गरम ठेवण्यासाठी त्याला आपल्यासारखे अन्न जाळावे लागत नाही. पूर्ण वाढ झालेले, निरोगी गप्पी, मॉली, एंजल, टेट्रा किंवा गोल्डफिश आठवडाभर काही न खाता व्यवस्थित राहतात, आणि ऑस्करसारखे मोठे मासे त्याहूनही अधिक दिवस काढतात. याला खरा अपवाद पिल्लांचा आहे. काही आठवड्यांच्या पिल्लांना दिवसातून अनेकदा खाणे लागते. ती असतील तर कोणीतरी घरी असणे किंवा पिल्ले जाणत्या माणसाकडे सोपवणे, याला पर्याय नाही.

निघताना "पुढच्या चार दिवसांचे" म्हणून जास्त खाद्य टाकणे ही सर्वांत घातक चूक होय. मासे ते साठवून ठेवत नाहीत. जे उरते ते तळाशी जाऊन कुजते आणि त्यातून माशांना घातक असा अमोनिया तयार होतो. चालू टाकीत फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जीवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. मात्र त्यांची संख्या रोजच्या खाद्याच्या बेताने ठरलेली असते आणि एकदम पाचपट काम अंगावर आले, तर ती एका रात्रीत वाढत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे 50 लिटरच पाणी मावते, हे लक्षात घेतले म्हणजे मूठभर खाद्याचा अर्थ समजतो.

सुट्टीसाठी म्हणून मिळणारे पांढरे खाद्यठोकळेही मला फारसे पसंत नाहीत. ते हळूहळू विरघळावेत अशी अपेक्षा असते, परंतु लहान टाकीत त्यांतील खाद्य माशांच्या तोंडी जाण्यापेक्षा पाण्यातच अधिक मिसळते. स्वयंचलित खाद्ययंत्र त्यापेक्षा बरे, पण चवथ पावसाळ्यात येते आणि आपल्याकडची त्या दिवसांतील हवा पापडसुद्धा कुरकुरीत राहू देत नाही. यंत्रातील चपटे खाद्य दमट होऊन गोळा बनते. मग एक तर काहीच पडत नाही किंवा सगळा गोळा एकदम पडतो. यंत्र वापरायचेच असेल, तर त्यात लहान दाण्यांचे कोरडे खाद्य भरावे, एअर पंपाच्या बुडबुड्यांपासून ते दूर बसवावे आणि निघण्यापूर्वी किमान आठवडाभर आपल्या डोळ्यांसमोर चालवून पाहावे.

शेजाऱ्यांकडे किल्ली देणाऱ्यांसाठी माझा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी खाद्याचा डबा टाकीवरच ठेवून शेजारच्या शाळकरी मुलावर काम सोपवले. त्याने ते इतक्या मायेने केले, की सहा दिवसांनी परतलो तेव्हा पाणी दुधासारखे झाले होते आणि तीन एंजल मेले होते. मुलाचा यात काहीच दोष नव्हता. मासा माणूस दिसला की काचेजवळ येऊन तोंड हलवतो आणि पाहणाऱ्याला तो भुकेलाच वाटतो. तेव्हापासून मी औषधाच्या गोळ्यांसाठी मिळणारी कप्प्यांची डबी वापरतो. एक दिवसाआड एक कप्पा, तोही नेहमीच्या निम्म्या प्रमाणात भरतो आणि मूळ डबा कपाटात कुलूपबंद ठेवतो. खाद्य देण्यापेक्षा मासे मोजणे, फिल्टर चालू आहे ना ते पाहणे आणि मेलेला मासा दिसल्यास लगेच बाहेर काढणे, ही कामे शेजाऱ्यांना समजावून देणे कितीतरी महत्त्वाचे आहे.

मेन स्विच आणि गडगडाट

आमच्याकडे घर बंद करताना मेन स्विच बंद करण्याची सवय अंगवळणी पडलेली आहे, आणि विजांचे दिवस पाहता ती चुकीची म्हणता येत नाही. पण त्या स्विचबरोबर टाकीचा श्वासही थांबतो. फिल्टर बंद पडल्यावर त्याच्या बंदिस्त डब्यातील जीवाणूंना काही तासांतच प्राणवायू कमी पडू लागतो, आणि पाण्याचा पृष्ठभाग हलेनासा झाल्याने माशांनाही तो पुरेनासा होतो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: 25 अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम, तर 30 अंशाला सुमारे 7.6 मिलिग्रॅम. त्याच वेळी उष्णतेने माशांची गरज वाढते. म्हणूनच मे महिन्यात खिडक्या बंद करून ठेवलेल्या फ्लॅटमधील टाकी ही पावसाळ्यातील टाकीपेक्षा अधिक धोक्यात असते.

यावरचा उपाय महागडा नाही. वितरण पेटीत टाकीचे सर्किट वेगळे असेल, तर तेवढे चालू ठेवून बाकीची बंद करावीत. नसल्यास इलेक्ट्रिशियनकडून ते करून घ्यावे. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा गळतीरोधक स्विच (RCCB) मात्र सर्वांसाठी एकच असेल, तर जवळ वीज कडाडल्यावर तो आपोआप पडण्याची शक्यता असते, आणि घरी कोणी नसल्यास तो पुन्हा वर करणारेही कोणी नसते. तो स्विच काढून टाकण्याचा विचारही करू नये, कारण पाणी आणि वीज शेजारी असताना माणसाचा जीव तोच वाचवतो. शेजाऱ्यांना तो दाखवून ठेवावा. लहान एअर पंप जेमतेम तीन ते पाच वॅट वीज घेतो, त्यामुळे इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त हा पंप जोडावा, दिवे नाहीत. वीज जाताच स्वतःहून सुरू होणारे बॅटरीचे पंपही मिळतात. त्या पंपाला साधा स्पंज फिल्टर जोडला, तर हवा आणि जीवाणूंचे घर या दोन्ही गरजा एकाच नळीतून भागतात. गोव्यासारख्या वीजखंडित प्रदेशात मी मोठ्या देखण्या फिल्टरपेक्षा यालाच अधिक मानतो.

एअर पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असल्यास नळीत एकमार्गी झडप बसवलेली हवी. ती नसेल तर वीज गेल्यावर पाणी उलटे नळीतून पंपात आणि तेथून फरशीवर येऊ शकते. सर्व वायर प्लगपर्यंत जाण्यापूर्वी प्लगच्या खाली लोंबत्या वळणात सोडाव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळणारे थेंब तिथेच गळून पडतात.

निघण्याआधीची अतिस्वच्छता

गणपतीची साफसफाई टाकीपर्यंत पोहोचते, हीही एक मोठी चूक आहे. सगळे पाणी काढून, खडी घासून आणि स्पंज नळाखाली पिळून टाकी लखलखीत केली जाते आणि दुसऱ्या दिवशी घर बंद होते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने अमोनिया निकामी करणारे स्पंजवरचे जीवाणू नष्ट होतात आणि नेमक्या त्याच आठवड्यात टाकी त्यांच्याशिवाय राहते. पाणी बदलायचे असेल, तर निघण्याच्या तीन-चार दिवस आधी चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढेच, क्लोरीन घालवणारे औषध टाकून बदलावे. स्पंज धुवायचा झाल्यास टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळावा. मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून आलेले पाणी हाताला चटका देण्याइतके तापलेले असते, ते तसेच ओतू नये. नवीन मासेही निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून आणू नयेत, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बहुधा अशा पाहुण्यांबरोबरच येतो आणि वेळीच लक्षात न आल्यास सगळ्या टाकीत पसरतो.

दिव्यासाठी टायमर लावून तो सहा-आठ तासच चालू ठेवावा. झाकण हवेच, कारण बाष्पीभवनाने पाणी खाली गेल्यास बाहेर टांगलेला फिल्टर हवा ओढू लागतो आणि वीज जाऊन आल्यावर पुन्हा सुरू होईलच असे नाही. पातळी काठोकाठही नको. फायटर मासा पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, त्यासाठी झाकणाखाली थोडी मोकळी जागा लागते.

कंटाळून किंवा सुट्टीत सोय होत नाही म्हणून मासे घरामागच्या विहिरीत, ओढ्यात किंवा नदीत सोडून देणारेही भेटतात. परदेशी मासे स्थानिक माशांच्या मुळावर येतात. ते दुकानदाराला परत द्यावेत.

परतल्यावर

पाणी गढूळ असेल आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर प्रथम हवा वाढवावी, मेलेले मासे व कुजके खाद्य काढावे आणि सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे. भुकेल्यासारखे दिसले तरी त्या दिवशी खाद्य देऊ नये. येथे एक बारकावा आहे: बरेच दिवस न बदललेले पाणी आम्लधर्मी होते, आणि अशा पाण्यात अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात राहतो. 25 अंशाला सामू (pH, पाण्याची आम्लता मोजणारा आकडा) 7 असताना त्याचा अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी असतो, 8 झाल्यावर तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. त्यामुळे गोंधळून निम्म्याहून अधिक पाणी नळाच्या पाण्याने एकदम बदलले, तर सामू अचानक चढतो आणि आतापर्यंत तग धरलेले मासे आपल्यासमोर मरतात. दोन-तीन दिवस रोज थोडे थोडे पाणी बदलणेच सुरक्षित असते.

आणि बंदिस्त फिल्टर मध्येच बंद पडून राहिला असल्याचे आढळले, तर स्विच दाबण्याआधी थांबावे. त्याच्या डब्यात साचलेले पाणी कुजलेले असते आणि पंप सुरू होताच ते सरळ टाकीत येते. डबा बाहेर काढून ते काळसर पाणी ओतून द्यावे, स्पंज टाकीच्या पाण्यात धुवावा, मगच फिल्टर जोडावा, आणि पुढचा आठवडाभर टाकी नुकतीच नवीन भरलेली आहे असे समजून अत्यल्प खाद्य द्यावे.