कंबरेत उसण भरली की लगेच एमआरआय? या चुका टाळा

वाकून बादली उचलली, कंबरेत उसण भरली आणि सरळ उभं राहता येईना. अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "एकदाचा एमआरआय काढून टाका." हीच पहिली चूक. धोक्याचं लक्षण नसेल तर पहिले सहा आठवडे कसलाही फोटो लागत नाही. या काळात बहुतेकांचं दुखणं बरंच उतरतं, आणि फोटो लवकर काढला म्हणून ते लवकर बरं होत नाही.

उलट रिपोर्टच धास्ती लावतो. 'एल ४-५ डिस्क बल्ज', म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगलेली, असं वाचलं की माणूस वाकायचं सोडतो, पट्टा बांधून बसतो, आणि कंबर आणखी आखडते. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ साली घेतला गेला. त्यात २० वर्षांच्या सुमारे ३० टक्के आणि ८० वर्षांच्या ८४ टक्के लोकांत असा बल्ज होता. म्हणजे तो दिसला म्हणून दुखण्याचं कारण सापडलं, असं होत नाही.

"निदान एक्स-रे तरी?" त्यात हाडं दिसतात; चकती आणि नस दिसत नाही. जोरात पडल्यावर, हाडं ठिसूळ असल्यास किंवा बरेच दिवस स्टिरॉइड चालू असल्यास फ्रॅक्चर पाहायला तो जरूर काढावा.

पायात कळ जाते, पण ताकद शाबूत आहे? तरीही थांबता येतं. सहा आठवड्यांनीही कळ तशीच असेल आणि इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार असेल, तर एमआरआय उपयोगी पडतो.

मात्र नको तिथे थांबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लघवी तुंबली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला किंवा दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. तिथे तातडीचा एमआरआयच हवा. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. पूर्वी कॅन्सर झालेला असणं, ताप, कारण नसताना घटलेलं वजन, कमी झालेली प्रतिकारशक्ती, यांपैकी काही असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा, लाजू नका.

आणि तपासून घ्या. टाचांवर चाला, चवड्यांवर चाला. डॉक्टर पायाचा अंगठा खाली दाबतील, तुम्ही तो वर धरून ठेवा. एका पायाचा अंगठा टिकत नसेल, आणि कालपेक्षा आज जास्तच ढिला पडला असेल, तर सहा आठवड्यांचा हिशोब तुम्हाला लागू नाही.