उरुग्वेचं साहित्य मूळ स्पॅनिशमधून वाचायचंय? आधी डायरी उघडा

स्पॅनिशची बी वन (मधल्या पातळीची) परीक्षा पास झाले त्याच आठवड्यात मी हुआन कार्लोस ओनेत्तीची 'एल आस्तियेरो' मागवली. स्पॅनिश साहित्यातला मानाचा सेर्वांतेस पुरस्कार 1980 मध्ये मिळालेला उरुग्वेचा एवढा मोठा कादंबरीकार, मग श्रीगणेशा त्याच्यापासूनच करावा असं वाटलं. तीन आठवड्यांत वीस पानं झाली. वाक्य संपेपर्यंत कर्ता कोण होता तेच हातातून निसटायचं. पुण्यात माझ्याबरोबर शिकणाऱ्या दोघा-तिघांचंही असंच झालं. म्हणून सांगते, ओनेत्ती नंतर. आधी उरुग्वेच्याच मारिओ बेनेदेत्तीची 'ला त्रेग्वा' (1960) ही कादंबरी घ्या.

ती डायरी आहे. राजधानी मोंतेविदेओतल्या एका कचेरीत नोकरी करणारा, पन्नाशीला टेकलेला विधुर ती लिहितो. निवृत्तीला किती उरलं ते पहिल्याच वाक्यात येतं: सहा महिने अठ्ठावीस दिवस. नोंदी छोट्या, शब्द रोजचे: पगार, साहेब, मुलं, रविवार. दिवसाला एक नोंद वाचली तरी पुरते. हाताखाली आलेल्या तरुण मुलीवर त्याचा जीव जडतो, तरी डायरीत ती आडनावानेच येते, आवेयानेदा. (मोंतेविदेओत 'आवेशानेदा' ऐकू येईल.) पुढे 23 सप्टेंबरची नोंद आहे. त्या नोंदीला शब्दकोश लागत नाही. तिच्यानंतरची तारीख थेट जानेवारीतली.

अडखळाल ते 'वोस'पाशी. 'तुझ्याकडे आहे' यासाठी वर्गात आपण 'तू तिएनेस' शिकतो, इथली माणसं 'वोस तेनेस' म्हणतात. मला आधी ती छपाईची चूक वाटली होती. उरुग्वेत आणि पलीकडे आर्जेन्टिनात हेच चालतं. रूपं वहीत एका पानावर उतरवून ठेवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

मग ओरासिओ किरोगा (1878-1937). जन्म उरुग्वेतल्या सालतोचा, पण कथा बऱ्याचशा आर्जेन्टिनातल्या मिसिओनेसच्या जंगलातल्या. 'आ ला देरीवा' तीन-चार पानांची आहे आणि साधा भूतकाळ तिच्याइतका पक्का कुठलंही व्याकरण करून घेत नाही. साप चावलेला माणूस बायकोकडे दारू मागतो, पेलाभर घशाखाली ओततो आणि ओरडतो, मी दारू मागितली होती, पाणी नाही! ती घाबरून म्हणते, दारूच आहे ही. विष कुठवर चढलंय ते एवढ्यात कळतं.

भविष्यकाळासाठी उरुग्वेची कवयित्री इदेआ विलारिन्यो हिची 'या नो' ही कविता. आपण एकत्र राहणार नाही, तुझं मूल वाढवणार नाही, तुझे कपडे शिवणार नाही. सुरुवातीची क्रियापदं ओळीने भविष्याची आणि प्रत्येकाला नकार. मोठ्याने वाचा, पाठ होते. तिचा 1957 चा प्रेमकवितांचा संग्रह ओनेत्तीला अर्पण केलेला आहे.

तिथून मी ओनेत्तीकडे परतले, पण 'एल पोसो'कडे (1939). चाळिशीच्या उंबरठ्यावरचा एक माणूस, एक खोली, येरझारा आणि लिखाण. शंभर पानंही नाहीत. ती नऊ दिवसांत संपली.