ड्रॅग रेसिंगच्या इंजिनात पाणी भरणे आणि अडकलेली हवा काढणे

ड्रॅग रेसिंगच्या गाडीचे इंजिन पूर्ण ताकदीने चालते ते जेमतेम पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, त्यामुळे तिच्या कूलिंग सिस्टीमकडे थोडे दुर्लक्ष झाले तरी बिघडत नाही, असा समज अनेकांचा असतो. प्रत्यक्षात बर्नआउटपासून (सुरुवातीआधी मागची चाके जागीच फिरवून टायर तापवणे) शेवटच्या रेषेपर्यंतच्या त्या थोड्या वेळात सिलिंडर हेडमध्ये, विशेषतः एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती, प्रचंड उष्णता साठते, आणि तिथे पाण्याऐवजी हवेचा किंवा वाफेचा कप्पा असला तर ती उष्णता वाहून नेणारे काहीच उरत नाही. मग डेटोनेशन, म्हणजे इंधनाचे अनियंत्रित, स्फोटासारखे ज्वलन सुरू होते, हेड आणि ब्लॉक यांमधले हेड गॅस्केट जाते, कधी हेडला तडाही जातो. यातली सर्वांत घातक गोष्ट अशी की सेन्सरचे टोक हवेत लटकत असेल, तर गेज खऱ्या तापमानापेक्षा कमी आकडा दाखवते आणि चालक निर्धास्त राहतो. (टॉप फ्युएल या ड्रॅग रेसिंगच्या सर्वांत वेगवान वर्गातील इंजिनांना पाण्याची कूलिंग सिस्टीम नसतेच; पुढील सर्व विवेचन पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांपुरते आहे.)

आधी काय भरायचे ते ठरवावे. ग्लायकॉलयुक्त कूलंट (रोजच्या गाड्यांतले नेहमीचे अँटिफ्रीझ) ट्रॅकवर सांडले तर पृष्ठभाग निसरडा होतो आणि तो साफ करणे कठीण जाते, म्हणून अनेक ड्रॅग स्ट्रिपवर ते वापरू देत नाहीत. डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात गंज रोखणारे, ग्लायकॉल नसलेले ॲडिटिव्ह, हे मिश्रण योग्य ठरते. नळाच्या पाण्यातील क्षारांचा थर आतून बसतो, तर ॲडिटिव्हशिवाय नुसते पाणी ठेवल्यास ॲल्युमिनियमचे हेड आणि लोखंडी ब्लॉक यांच्या जोडीत गंज लवकर धरतो. सुमारे १ बार दाबाची प्रेशर कॅप लावल्यास साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, त्यामुळे कॅपचे रबर आणि स्प्रिंग चांगल्या स्थितीत असणे हेही याच कामाचा भाग समजावे. ओव्हरफ्लोचे पाणी ट्रॅकवर न सांडता साठवणारा डबा, म्हणजे कॅच कॅन, हवाच. अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगची संघटना एनएचआरए हिच्या नियमांत तो किमान १ पिंट, म्हणजे सुमारे ४७० मिलिलिटर, क्षमतेचा असणे बंधनकारक आहे.

हवा वरच्या दिशेने जाते आणि तिला बाहेर पडायला सर्वांत उंच ठिकाणी वाट लागते, एवढी एकच गोष्ट या कामात निर्णायक असते. ड्रॅग कारमध्ये रेडिएटर बहुधा लहान आणि खाली बसवलेला असतो, त्यामुळे त्याचे तोंड सिलिंडर हेडच्या वरच्या पातळीपेक्षा खाली राहते. अशा गाडीत रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसला तरी हेडमध्ये हवा तशीच असते. म्हणून पाणी ओतण्यापूर्वी गाडीकडे बाजूने पाहावे, रेडिएटरची कॅप, वरच्या होजची कमान आणि हेड यांतील सर्वांत उंच बिंदू कोणता ते निश्चित करावे, आणि कॅप त्या जागी नसेल तर तिथे वेगळे फिलर नेक (पाणी भरायचे, कॅप बसणारे तोंड) बसवून घ्यावे. हा बदल एकदा केला की पुढची सगळी खटपट निम्म्यावर येते, असा माझा ठाम आग्रह आहे. तोपर्यंतचा उपाय म्हणजे मागच्या चाकांना अडथळे लावून गाडीचे नाक उचलणे आणि ती पक्क्या स्टँडवर ठेवणे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली किंवा तिच्यावर वाकून काम करू नये. पाण्याचा आउटलेट पुढे असलेल्या व्ही-८ इंजिनात नाक वर केल्याने हेडच्या मागच्या कोपऱ्यातील हवाही पुढे सरकते.

तरीही मागचे कोपरे संशयास्पदच मानावेत. शेव्हरोलेच्या एलएस इंजिनांच्या हेडना कोपऱ्यांत वाफ बाहेर काढण्याची छिद्रे असतात. ती बुजवून न टाकता पातळ नळ्यांनी एकत्र जोडून रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा सर्ज टँकमध्ये (हवा वेगळी होण्यासाठी उंचावर बसवलेली टाकी) सोडावीत. ज्या इंजिनात अशी सोय नाही, तिथे इनटेक मॅनिफोल्डच्या किंवा हेडच्या मागच्या टोकाला पाण्याच्या वाटेत उघडणारा प्लग असेल, तर त्या जागी ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा बाहेर सोडण्यासाठी उघडता येणारा स्क्रू, बसवता येतो.

इंजिन पूर्ण थंड असतानाच भरायला घ्यावे. ब्लॉकचे आणि रेडिएटरचे ड्रेन बंद आहेत याची खात्री करून सर्व ब्लीड स्क्रू उघडावेत आणि प्रत्येकावर पारदर्शक नळीचा तुकडा चढवावा. फिलर नेकवर घट्ट बसणारे उंच नरसाळे लावले म्हणजे पाण्याची पातळी सगळ्या सिस्टीमच्या वर राहते. पाणी बारीक धारेने ओतावे, कारण भसकन ओतलेले पाणी बाहेर येणाऱ्या हवेचीच वाट अडवते. नळीत आधी मोठाले बुडबुडे ढकलत येतात, मग काही क्षण पाणी आणि हवा आलटून पालटून येते, आणि शेवटी सोड्यासारखे बारीक बुडबुडे उरतात. तेही थांबून सलग पाणी येऊ लागले की सर्वांत खालचा स्क्रू प्रथम बंद करावा आणि क्रमाने वर यावे. मधूनमधून वरची आणि खालची होज हाताने दाबून सोडावी. किती लिटर पाणी गेले ते अवश्य मोजावे: सिस्टीमची क्षमता माहीत असेल आणि पाणी त्यापेक्षा बरेच कमी बसले असेल, तर उरलेली जागा हवेची आहे. ज्या ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या भिंतींना बळकटी देण्यासाठी खालच्या भागात फिलर (घट्ट होणारे भरणाचे मिश्रण) ओतून तो घट्ट केलेला असतो, त्यात पाणी मुळातच कमी मावते, म्हणून थोडी हवाही तिथे जास्त नुकसान करते.

इलेक्ट्रिक वॉटर पंप असेल तर काम फार सोपे होते, कारण इंजिन बंद ठेवून पाणी फिरवता येते. मात्र पंप कोरडा चालवू नये. सिस्टीम भरल्यावरच तो थोडा वेळ चालवावा, बंद करावा, हवा वर येऊ द्यावी आणि नरसाळ्यातली पातळी उतरली की पाणी घालावे. सलग चालवलेला पंप मोठ्या बुडबुड्याचे बारीक तुकडे करून तेच पुन्हा पुन्हा फिरवत राहतो. पट्ट्यावर चालणाऱ्या पंपासाठी इंजिन आयडलवर ठेवावे लागते, आणि थर्मोस्टॅट असल्यास तो उघडेपर्यंत थांबावे लागते. त्याच्या कडेला सुमारे ३ मिलिमीटरचे छिद्र पाडून ते वरच्या बाजूला येईल असे बसवले, तर त्याच्यामागे हवा कोंडत नाही.

भरण्यापूर्वी सिस्टीममधली हवा ओढून घेणारे, कॉम्प्रेसरवर चालणारे व्हॅक्यूम साधन वापरल्यास आणखी एक लाभ मिळतो: त्याच्या गेजचा काटा काही मिनिटे स्थिर राहिला तर गळती नाही हेही कळते. पण त्याने सगळी हवा निघते असे मानू नये. वातावरणाच्या दाबापेक्षा ८५ किलोपास्कल खाली गेल्यावरही मूळ हवेचा जवळजवळ सहावा हिस्सा आत उरतो, म्हणून ब्लीड स्क्रूचे काम त्यानंतरही करावेच.

आता कॅप लावून इंजिन नेहमीच्या तापमानापर्यंत तापवावे आणि दोन्ही हेड पुढून-मागून इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासावेत. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे उपकरण चुकीचा, बहुधा कमी, आकडा दाखवते. म्हणून मोजायच्या जागी उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका आधीच लावून ठेवावा. एखादा कोपरा इतरांपेक्षा ठळकपणे वेगळा दिसला, तर हवेचा कप्पा तिथे शोधावा. इंजिन पूर्ण निवल्यावरच कॅप उघडावी, कारण दाबाखालील तापलेले पाणी कॅप सैल होताच उसळून अंगावर येते. पातळी उतरलेली असणारच. ती भरून तापवणे आणि निववणे हा क्रम पातळी स्थिर होईपर्यंत करावा.

बुडबुडे थांबतच नसतील, प्रत्येक धावेनंतर कॅच कॅनमध्ये पाणी येत असेल किंवा थंड इंजिन सुरू करताच होज दगडासारखी कडक होत असेल, तर ती अडकलेली हवा नसून ज्वलनाचा वायू असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी ब्लीडिंगमध्ये वेळ न घालवता निळ्या द्रवाची ब्लॉक टेस्ट करावी, म्हणजे पाण्यावरची हवा त्या द्रवातून ओढून ज्वलनाचा वायू आहे का ते पाहावे. द्रव पिवळा झाला तर हेड उतरवून गॅस्केट आणि पृष्ठभाग तपासावेत. तो निळाच राहिला, तरी पंपाच्या ओढणाऱ्या बाजूची होज आणि क्लॅम्प तपासणे बाकी राहते, कारण तिथल्या सैल जोडातून पाणी एक थेंबही न गळता हवा आत खेचली जाऊ शकते.