घर बघायला निघण्याआधी

नाशिकमध्ये भाड्याचं घर हवं असेल तर जून लागायच्या आत शोध सुरू करा. नंतर कॉलेज रोड-गंगापूर रोडला विद्यार्थी आणि सिडको, पाथर्डी फाट्याकडे सातपूर-अंबडच्या कंपन्यांत नव्याने लागलेले लोक एकदमच उतरतात. सकाळी रिकामा असलेला वन बीएचके संध्याकाळपर्यंत जातो.

म्हणून फाइल आधी लावा. आधार-पॅनच्या झेरॉक्स, फोटो, कंपनीचं ओळखपत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि आधीच्या घरमालकाचा नंबर, त्यांना विचारून. हा नंबर सगळ्यांत मोलाचा. इंदिरानगरला आम्ही गेलो तेव्हा जिन्यात आणखी तीन कुटुंबं थांबलेली होती. घरमालक काकूंनी पगार विचारलाच नाही. "माणसं किती, आणि आधीचं घर का सोडलं?" एवढंच. मी जुन्या घरमालकीणबाईंना तिथूनच फोन लावून दिला, दोघी पाच मिनिटं बोलल्या आणि किल्ली आमच्या हातात आली. तेव्हा सोडण्याचं कारण खरं आणि एका वाक्यात सांगता यायला हवं. एकटे राहणार असाल तर सोसायटीचे नियम फोनवरच विचारा, हेलपाटा वाचतो.

डिपॉझिट, पहिलं भाडं आणि दलाली खात्यात तयार ठेवा. दलाली किती, हे घर बघण्याआधी ठरवा. घाईचा फायदा घेणारे इथेच भेटतात. घर न बघता टोकन कधीच देऊ नका. लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती मागा, नाव जुळलं तरच पैसे पाठवा, आणि व्यवहार मोडला तर टोकन परत मिळणार का, ते मेसेजमध्ये लिहून घ्या.

घरात शिरलात की बाथरूमचा नळ उघडून पाणी किती वेळ टिकतं ते बघा. पाण्याची वेळ, पार्किंग, मेंटेनन्स कोण भरणार, हे तिथेच विचारा.

करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी हवीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते, अंगठा आधारशी जुळवतात, तेव्हा आधार नंबर हाताशी ठेवा. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्यावी लागते, त्यासाठी फोटोच्या दोन जास्त प्रती ठेवा.

सामान चढवण्याआधी मीटरचं रीडिंग, भिंतींवरची ओल आणि तुटलेल्या कड्या यांचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकांना पाठवा.